शिमर बॉडी ऑइल लावताना या चुका टाळा

लग्नसराईत गळा, खांदे आणि ब्लाऊजच्या वर दिसणारी पाठ तुकतुकीत दिसावी, म्हणून अनेकजणी शिमर बॉडी ऑइल, म्हणजे चमकीचे बारीक कण मिसळलेले अंगाला लावायचे तेल, विकत घेतात आणि ऐन समारंभाच्या दिवशी पहिल्यांदाच अंगाला लावतात. मग अंग राखट दिसते, चमक ठिपक्याठिपक्यांनी बसते किंवा साडीच्या काठाला तेलाचा डाग पडतो. असे झाले की दोष तेलाला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक छटा निवडण्यात, प्रमाणात किंवा लावण्याच्या वेळेत झालेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक छटेची आहे, आणि ती दुकानातच होते. या तेलातली चमक बहुधा अभ्रकाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असते. त्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर असेल तर चमक चंदेरी-पांढरी दिसते आणि आयर्न ऑक्साइडचा असेल तर सोनेरी, ब्राँझ किंवा तांबूस दिसते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर चंदेरी छटा राख फासल्यासारखी दिसते, कारण तिच्यातला पांढरेपणा त्वचेच्या उबदार रंगात मिसळत नाही. माझ्या भाचीच्या हळदीला आम्ही अशीच मोत्याच्या रंगाची बाटली मोठ्या हौसेने आणली होती. समोरून पाहताना ती बरी वाटली, पण फ्लॅश टाकून काढलेल्या प्रत्येक फोटोत भाचीचे खांदे पांढुरके आणि चेहरा त्याहून गडद आला. माझे स्पष्ट मत असे की गव्हाळ वर्णाला सोनेरी आणि सावळ्या वर्णाला ब्राँझ किंवा तांबूस छटाच घ्यावी, आणि चंदेरी छटा फार गोऱ्या त्वचेपुरती ठेवावी.

कणांचा आकारही तितकाच महत्त्वाचा असतो. साधारण 10 ते 60 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांची चमक मोत्यासारखी एकसंध दिसते, तर 100 मायक्रॉनच्या पुढचे कण एकेक सुटे चमचमतात आणि नैसर्गिक कांतीचा आभास तिथेच संपतो. बाटलीवर हा आकार सहसा छापलेला नसतो, म्हणून एक थेंब हाताच्या मागच्या बाजूवर चोळून दुकानाबाहेर उजेडात यावे आणि हात फिरवून पाहावा. सुटे ठिपके दिसले तर ती बाटली परत ठेवावी. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जवळजवळ प्रत्येक छटा सुंदर दिसते, त्यामुळे तिथला निर्णय ग्राह्य धरू नये.

घटकांची यादी वाचताना प्लास्टिकची चमकी असलेले तेल टाळावे. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर 2023 पासून निर्बंध घातले आहेत. अभ्रकाचीही एक वेदनादायक बाजू आहे. झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह भागांतल्या अभ्रकवेचणीत लहान मुले राबत आल्याचे वारंवार उघड झाले आहे, म्हणून प्रयोगशाळेत तयार केलेले कृत्रिम अभ्रक वापरणारे उत्पादन मिळत असेल तर मी तेच निवडते. हस्तकलेची चमकी खोबरेल तेलात कालवण्याचा घरगुती प्रयोग मात्र कोणीही करू नये, कारण तिचे धारदार कण डोळ्यात गेल्यास बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

चमक ठिपक्यांनी बसत असेल तर आधी त्वचेकडे पाहावे. कोरड्या, पापुद्रे सुटलेल्या त्वचेवर कण त्या पापुद्र्यांच्या कडांना अडकतात, आणि कोपर, घोटे व नडग्यांवर हे पटकन दिसते. स्क्रब किंवा उटणे एक-दोन दिवस आधी लावावे, वॅक्सिंगही किमान 24 तास आधी उरकावे आणि त्या दिवशी अंघोळीनंतर किंचित ओलसर त्वचेवर साधे मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावे. कण तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसतात, त्यामुळे बाटली न हलवता ओतली तर आधी नुसतेच तेल हाती येते आणि शेवटी चमकीचा गाळ उरतो. खोबरेल तेलाचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण साधारण 24 अंशांखाली थिजते. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवून मग हलवावी.

एका हाताला दोन-तीन थेंब पुरतात. ते तळव्यांवर चोळून खांद्याचा वरचा भाग, गळ्याची हाडे आणि नडगीची समोरची बाजू अशा जिथे उजेड आपोआप पडतो तिथेच थोपटावेत. सर्वांगाला लावल्यास कांती नव्हे, तेलकटपणा दिसतो. जास्त झालेच तर वरून पावडर मारू नये, कारण त्याचे गोळे होतात. साध्या तेलात भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसून घ्यावे. दिवसाच्या समारंभात सनस्क्रीन आधी लावावे, 15-20 मिनिटे थांबावे आणि मगच तेल न चोळता थोपटावे, नाहीतर खालचा थर हलतो.

साडीच्या बाबतीत मात्र घाई अजिबात नको. तेल लावल्यावर 15 मिनिटे थांबून, टिश्यूने जादा तेल टिपून मगच ब्लाऊज घालावा, आणि पैठणीच्या पदराखाली येणारा खांदा कोरडाच ठेवावा. तन्मणी किंवा चिंचपेटी अगदी शेवटी घालावी, कारण तेलाने आणि अत्तराने मोत्यांचे पाणी उतरते. रेशमावर डाग पडलाच तर पाणी लावू नये. टाल्कम पावडर भुरभुरून काही तास ठेवावी, झटकावी आणि साडी ड्रायक्लीनिंगला द्यावी.

पाठीवर मुरुमे येत असतील तर तिथे हे तेल लावू नये, आणि चेहऱ्यावर तर मुळीच नाही. कोणतीही नवी बाटली असो, कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून 48 तास वाट पाहावी. रात्री परतल्यावर आधी साधे तेल चोळून चमक सैल करावी, मग सौम्य साबणाने धुवावी. हे करताना बाथरूमची फरशी निसरडी होते, म्हणून पायांवरचे तेल शक्यतो स्टुलावर बसून काढावे आणि नंतर फरशीवर साबणाचे पाणी सोडावे.