सीपॅपच्या नळीत गुडगुड होत असेल तर

सीपॅप म्हणजे झोपेत घसा उघडा राहावा म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. मध्यरात्री त्याच्या नळीत गुडगुड सुरू होते, मास्कमध्ये थेंब पडतात आणि नाकात पाणी जाऊन झोपमोड होते. यंत्र बिघडलेलं नसतं. ह्युमिडिफायरमधली, म्हणजे यंत्राच्या हवा दमट करणाऱ्या पाण्याच्या टाकीतली, कोमट, दमट हवा जवळपास १.८ मीटर लांबीच्या गार नळीतून येताना थंड होते आणि बाष्पाचं पाणी होतं.

एसी १८ वर आणि ह्युमिडिफायर ६ वर ठेवलात तर हे होणारच. एसी २५-२६ वर आणा. आर्द्रता एकेक अंकाने उतरवा, प्रत्येक अंकाला दोन रात्री द्या. घसा कोरडा पडला की एक अंक वर. नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला कापडी खोळ शिवा, जुन्या सुती साडीचीही चालते. यंत्र गादीच्या पातळीखाली, बुटक्या स्टुलावर ठेवा, म्हणजे तयार झालेलं पाणी मास्ककडे न येता टाकीकडे उतरतं. तरीही भागलं नाही तर गरम होणारी नळी. आपल्या मॉडेलला बसते का ते आधी बघा, स्वस्त नसते.

टाकीत डिस्टिल्ड पाणीच, तेही खुणेपर्यंत. बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. उरलेलं पाणी सकाळी ओतून टाका.

वैतागून ह्युमिडिफायरच बंद करणं मला पटत नाही. नाक सुकून चोंदतं, तोंड उघडतं, हवा तिथून निसटते आणि घसा उघडा ठेवणारा दाब टिकत नाही. घोरणं परत सुरू. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवू नका.