न आलेल्यांची वही

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा चार्जच्या यादीतलं सगळं नीट मोजून घेतलं. खुर्च्या, ऑक्सिजन सिलिंडर, लसींचा फ्रीज, बीपीची दोन मशीन. हद्दीत मधुमेहाचे पेशंट किती, हे मात्र मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आमचं केंद्र सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. खालची गावं केळी-कापसाची, वर पाडे. ओपीडीत शुगरचे लोक यायचे, गोळ्या घेऊन जायचे आणि मला वाटायचं, बरं चाललंय.

मग एक आजोबा पायाचं काळं पडलेलं बोट घेऊन आले. कार्ड आमचंच होतं. शेवटची नोंद वर्षाहून जुनी, आणि मधल्या काळात ते आले नाहीत हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बोट गेलं. जो समोर येतो त्याला आपण तपासतो. जो येत नाही तो आपल्या कामात मोजलाच जात नाही. नव्याने रुजू होणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि सीएचओंना (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) मला मुख्यतः हेच सांगायचंय. बाकीचं ओघाने येईल.

सरकारी बाजू थोडक्यात. २०१० साली एनपीसीडीसीएस हा कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघातासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आता त्याचं नाव एनपी-एनसीडी आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली) आशाताई भरतात आणि चारच्या वर गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. कार्यक्रमाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदी कराव्याच लागतात, त्या करा. पण ‘या महिन्यात कोण आलं नाही’ याचं उत्तर मला पोर्टलपेक्षा बुटांच्या खोक्यातून लवकर मिळालं.

खोक्यात पुठ्ठ्याचे बारा कप्पे केले, महिन्याला एक. पेशंट येऊन गेला की त्याचं कार्ड पुढच्या तारखेच्या महिन्यात सरकवायचं. महिनाअखेर त्या कप्प्यात जी कार्डं उरतात, ते सगळे न आलेले. त्यांची नावं गावनिहाय वहीत उतरवायची. मोबाईल नंबर घेताना शेजाऱ्याचा किंवा मुलाचाही घ्या, कारण इकडे रिचार्ज संपलेला फोन ही नेहमीची गोष्ट आहे.

पहिल्या महिन्यात मी मोठी चूक केली. चाळीसेक नावांची यादी एकदम आशाताईंच्या हातात दिली. काहीच झालं नाही, आणि मी त्यांच्यावर चिडले. एक ताई शांतपणे म्हणाली, “मॅडम, लसीकरण आहे, गरोदर बाया आहेत, त्यात चाळीस घरं कधी फिरू?” मग आठवड्याला पाचच नावं द्यायला लागले, आणि निरोपाऐवजी एक प्रश्न: का आला नाहीत? उत्तरं आली तेव्हा कळलं की मी ज्याला निष्काळजीपणा समजत होते, त्यातला बराचसा आमचाच कारभार होता. गोळ्या दहा दिवसांच्या द्यायच्या, त्यासाठी एसटीचं भाडं आणि मजुरीचा खाडा. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी असते, तेव्हा घरात माणूस सापडत नाही. पाड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला जातात ती होळीलाच परततात. एका काकूंचं उत्तर तर सरळ होतं, “माले काय बी व्हत नही, मंग गोया कसाले खाऊ?” याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. शेवटी केळीच्या झाडाची गोष्ट सांगितली: बाहेरून झाड हिरवंगार दिसतं, खाली खोडात कीड असते. हसल्या, पण पुढच्या महिन्यात आल्या.

आता शुगर आटोक्यात असलेल्याला पूर्ण महिन्याच्या गोळ्या देतो. स्थलांतराला निघालेल्याला जास्त, आणि सोबत औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी, म्हणजे जिकडे जाईल तिकडच्या केंद्रात दाखवता येईल. उपकेंद्रातही गोळ्या ठेवल्या. तपासणीचा दिवस गावच्या बाजाराच्या दिवशी ठेवला. माणूस भाजीपाल्याला येतोच, मग शुगरलाही येतो.

साठ्याचा घोळ वेगळाच होता. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची नेहमीची गोळी, वारंवार संपायची. मागणी मागच्या वर्षीच्या खपावरून जायची, आणि मागच्या वर्षी साठाच नसल्यामुळे खप कमी दिसायचा. हे चक्र कार्डांची संख्या मोजून मागणी केल्यावरच तुटलं. फार्मासिस्ट भाऊंना हे आधीच माहीत होतं, त्यांना विचारलं कुणीच नव्हतं. शुगर तपासायच्या पट्ट्या संपल्या तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घेता येतात का, ते पहिल्याच बैठकीत विचारून ठेवा.

पट्टी नसली तरी बीपी घ्या. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निकाल १९९८ मध्ये आले. त्यात टाइप २ मधुमेहाच्या ज्या रुग्णांचं बीपी काटेकोर सांभाळलं (सरासरी १४४/८२, दुसऱ्या गटात १५४/८७), त्यांच्यात पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेहाच्या कार्डावर बीपीचा रकाना रिकामा दिसला की आजही माझं डोकं फिरतं.

आकड्यांवर भरवसा ठेवायच्या आधी ते कसे आले ते बघा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी एका वहिनींची शुगर साडेतीनशेच्या वर आली. त्या आमरसाचे आंबे पिळून थेट आल्या होत्या, हात नुसते पदराला पुसलेले. साबणाने हात धुवून पुन्हा टोचलं तर आकडा निम्म्यावर. स्पिरिटच्या बोळ्याने फळाची साखर पूर्ण निघत नाही, पाणी-साबणच हवा. केळीच्या पट्ट्यात तर हे वर्षभर लक्षात ठेवायचं. दुसरं, आपलं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पट्ट्यांच्या डबीवर बहुतेक तीस अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते आणि डबी पडलेली असते पत्र्याच्या उपकेंद्रातल्या खिडकीत! पट्ट्या सावलीत ठेवा, झाकण लगेच लावा. इन्सुलिनवाल्यांकडे फ्रीज नसेल तर माठात छोटं मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कुपी. बाहेरून ओलं फडकं. आमच्या दोन आजी असंच ठेवतात.

तिसरी गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण इकडे येऊन समजली. डोंगरातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. ज्याच्या रक्तात हा दोष आहे त्याच्या एचबीएवनसीवर (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीवर) भरवसा ठेवता येत नाही. लाल पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात उलट, तो वर दिसू शकतो. अशा पेशंटला उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर करा. निदानाच्या रेषा त्याच: उपाशी १२६, ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी २००, एचबीएवनसी ६.५. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर जन्माचा शिक्का मारू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. सिकलसेलचं कार्ड आहे का, हे मी आता पहिल्या भेटीतच विचारते. टीबीच्या पेशंटची शुगर बघायची आणि शुगरवाल्याला खोकला किती दिवसांचा ते विचारायचं, हेही त्याच रांगेत.

गोळ्यांबद्दल एकच सांगते. मेटफॉर्मिन जेवणानंतर, कमी डोसने सुरू. पोट बिघडलं की लोक न सांगता बंद करतात, म्हणून आधीच सांगून टाकायचं. ग्लिमेपिराइड ही दुसरी गोळी घेणाऱ्याचं मात्र उपवासाचं कॅलेंडर हवं. श्रावण, नवरात्र, रोजे. जेवण चुकलं आणि गोळी घेतली तर साखर एकदम उतरून दुपारी शेतात घाम फुटून पडायची वेळ येते. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघणं, हे मुलांनाही शिकवून ठेवा.

आहाराचे छापील तक्ते मी टाकून दिले. त्यात ओट्स होते! कळण्याची भाकरी आणि भरीत खाणाऱ्याला आपण काय ओट्स सांगणार? ज्वारी-उडदाची भाकरी वाईट नाही, किती खाता ते विचारा. शेवभाजीचा तवंग, पाहुण्यांसाठी खापरावरचे मांडे, हे ठरवून कमी करता येतं. आणि चहा मोजा. “दिवसात किती?” “दोनदा.” मग शेतावर? बाजारात? सोयऱ्यांकडे? बेरीज सातवर जाते, तीही साखरेने घट्ट झालेल्या चहाची. केळी पिकवणाऱ्याला केळी बंद म्हणणं मला कधी जमलं नाही. अर्धं खा, जेवणाबरोबर नको, एवढ्यावर आमचा समझोता आहे.

पायांकडे वळते, कारण त्या आजोबांचं बोट माझ्या डोक्यातून जात नाही. वर्षातून एकदा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाचा बधिरपणा तपासायचा नायलॉनचा धागा) लावून बघायचा, बूट-चप्पल काढून. ओपीडीत गर्दी असली की हेच पहिल्यांदा वगळलं जातं, म्हणून ते काम मी सिस्टरांकडे दिलं, पेशंट माझ्यापर्यंत येण्याच्या आधी. चैत्रात इकडून लोक पायी सप्तशृंगी गडावर जातात, अनवाणी, तापलेल्या डांबरावरून. बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. एका जिभाऊंना चप्पल घाला म्हटलं तर म्हणाले, “आईना नवस शे मॅडम, चप्पल कशी घालू?” नवस मोडा म्हणायची माझी हिंमत नव्हती. बरंच बोलल्यावर ते चामड्याची नको, कापडी बूट चालतील म्हणाले. पहाटे आणि संध्याकाळी चालायचं, रात्री पुतण्याने तळवे बघायचे. एक लहान फोड घेऊन परत आले, आणि तो त्यांनीच आधी दाखवला.

तिमाहीला हिशोब करताना नोंदणी झालेल्या सगळ्यांना छेदात धरा, न आलेल्यांसकट, आणि त्यांना ‘आटोक्यात नाही’ मध्येच घाला. पहिल्यांदा आकडा इतका वाईट आला की बैठकीत वाचताना आवाज बसला. तोच खरा होता. फक्त आलेल्यांचा आकडा चांगला दिसतो, पण त्याने ते काळं बोट दिसलं नसतं.

डोळ्यांचं अजून सुटलेलं नाही. पडद्याची तपासणी आमच्याकडे होत नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर माणूस दिवस मोडून जात नाही. गेल्या महिन्यात नऊ जणांची गाडी ठरवली. सात बसले. त्यातले एक काका स्टँडवरच उतरले, कारण कापसाचा व्यापारी गावात आल्याचा फोन आला. त्यांचं कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात आहे, वर लाल पेनाने ‘डोळे’ लिहून.