कंपनीचा विधी विभाग कसा चालवावा

कंपनीच्या विधी विभागाची सूत्रे हाती घेणाऱ्याने पहिल्याच महिन्यात नवे सॉफ्टवेअर घेऊ नये आणि नवी भरतीही करू नये. विभागाकडे कोणते काम, कोणाकडून आणि व्यवहाराच्या कोणत्या टप्प्यावर येते, याची नोंद त्याने आधी सुरू करावी. अनेक कंपन्यांत अशी नोंद नसतेच. विक्री विभाग आपल्या ओळखीच्या वकिलाला ईमेल करतो, मनुष्यबळ विभाग फोनवर सल्ला विचारतो आणि आपली माणसे दिवसभर कशात गुंतलेली असतात, हे विभागप्रमुखाला अंदाजाने सांगावे लागते. प्रत्येक विनंती एकाच ठिकाणी यावी आणि मागणी कोणाची, विषय काय, रक्कम किती, उत्तर कधी हवे व बोलणी कुठवर आली आहेत, एवढे साध्या तक्त्यात लिहिले जावे.

माझ्या मते यातला शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. सहीच्या आदल्या दिवशी मसुदा हाती आला, तर वकिलापुढे दोनच पर्याय उरतात: व्यवहार अडवणे किंवा नको त्या कलमाला मान तुकवणे. किंमत ठरण्यापूर्वीच त्याला बोलणीत घेतले असेल, तर दायित्वाची, म्हणजे नुकसान झाल्यास आपल्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईची, कमाल मर्यादा मान्य करून घेण्यासाठी पैसे चुकते करण्याच्या मुदतीत सवलत देता येते. किंमत ठरल्यावर देण्यासारखे फारसे काही हातात उरत नाही. म्हणून ज्या विभागाकडून कामे सतत उशिरा येतात, त्याच्या प्रमुखाशी बोलावे आणि त्यांच्या नियमित आढावा बैठकीत आपल्या एका वकिलाला कायमची जागा मिळवून द्यावी.

दोन-तीन महिन्यांच्या नोंदी साठल्या की कामाची प्रतवारी करता येते. गोपनीयतेचे करार, ठरावीक नमुन्यातली खरेदी, जुन्या कराराचे नूतनीकरण अशी कामे संख्येने पुष्कळ आणि जोखमीने किरकोळ असतात. ती वकिलाच्या टेबलावर येताच कामा नयेत. त्यांच्यासाठी मंजूर नमुने आणि सोबत वाटाघाटीची मार्गदर्शिका तयार करावी. प्रत्येक महत्त्वाच्या कलमासाठी तिच्यात तीन गोष्टी असाव्यात: आपली पहिली भूमिका, समोरच्याने हरकत घेतल्यास चालणारा पर्यायी मजकूर आणि जिच्यापलीकडे वकिलाला विचारल्याशिवाय जायचे नाही ती सीमारेषा. नुकसानभरपाई, दायित्वाची मर्यादा, करार संपवण्याचा हक्क, बौद्धिक संपदेची मालकी आणि वाद कुठे व कसा सोडवायचा, या पाच कलमांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ काम हलके होते. ही मार्गदर्शिका विक्री विभागातल्या माणसांना सोबत घेऊन लिहावी, कारण ती वापरायची त्यांनाच आहे आणि न समजलेला नियम बाजूला सारला जातो. किती रकमेपर्यंतच्या करारावर कोण सही करू शकतो, हे संचालक मंडळाकडून लेखी मंजूर करून घ्यावे.

बाहेरच्या वकिलांवरील खर्चाकडे लक्ष लवकर जाते, पण उपाय बहुधा बिलातून सूट मागण्यापुरताच राहतो. ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीने 1992 पासून वेगळी वाट धरली: तिने सुमारे साडेतीनशे लॉ फर्मची यादी चाळीसच्या आत आणली आणि उरलेल्यांशी दीर्घकाळचे संबंध बांधले. मोजक्या फर्मना आपला व्यवसाय कळतो आणि प्रत्येक नव्या प्रकरणात त्यांना पहिल्यापासून समजावत बसावे लागत नाही, हा यातला खरा लाभ. काम सोपवताना त्याची व्याप्ती, टप्पेनिहाय अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या वकिलांची नावे लेखी घ्यावीत, आणि प्रकरणाची दिशा ठरवण्याचा अधिकार आपल्याकडेच ठेवावा.

सल्ल्याच्या गोपनीयतेबाबत मात्र गृहीत काहीच धरू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली अपजॉन प्रकरणात कंपनीच्या वकिलाने कर्मचाऱ्यांशी केलेल्या संवादाला, तो उघड करण्याची सक्ती होऊ नये म्हणून, संरक्षण दिले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2010 साली अक्झो नोबेल प्रकरणात, युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीपुरते, पगारी वकिलाच्या पत्रव्यवहाराला ते नाकारले. अनेक देशांत व्यवसाय असलेल्या कंपनीने म्हणूनच कोणता संवेदनशील प्रश्न कुठल्या देशातल्या बाहेरच्या वकिलाकडे न्यायचा, हे चौकशी सुरू होण्यापूर्वी ठरवून ठेवावे. अंतर्गत चौकशीत कर्मचाऱ्याशी बोलण्याआधी, आपण कंपनीचे वकील आहोत, त्याचे नाही, हे त्याला स्पष्ट सांगावे. हे सांगणे कायद्याच्या दृष्टीने जितके आवश्यक, तितकेच त्या माणसाशी प्रामाणिक राहण्यासाठीही.

वादाची वाजवी शक्यता दिसताच संबंधित ईमेल, संदेश आणि कागद नष्ट न करण्याची लेखी सूचना त्याच दिवशी काढावी आणि आपोआप पुसले जाणारे संदेश माहिती तंत्रज्ञान विभागाकडून थांबवून घ्यावेत. मुदतींची नोंद एकाच वकिलाच्या भरवशावर सोडू नये. दोघांकडे ती असावी.

विभागप्रमुखाला मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याप्रमाणेच संचालक मंडळापर्यंतही थेट पोहोचता आले पाहिजे. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या पतनानंतर 2002 साली झालेल्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यान्वये अमेरिकेत तसा नियमच आला: गंभीर उल्लंघनाचा पुरावा दिसल्यावर वकिलाने तो कंपनीच्या मुख्य विधी अधिकाऱ्याकडे न्यावा आणि योग्य प्रतिसाद न मिळाल्यास लेखापरीक्षण समितीकडे किंवा मंडळाकडे जावे. जिथे असा नियम नाही, तिथे ही वाट नेमणूकपत्रातच लिहून घ्यावी. मंडळापुढे दर तिमाहीत द्यायचा अहवाल दोन-तीन पानांचा पुरे; त्यात किती करार तपासले याऐवजी प्रलंबित दाव्यांतून येऊ शकणारा बोजा, करार पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ, ठरलेल्या अंदाजाच्या तुलनेत बाहेरच्या वकिलांवर झालेला खर्च आणि ज्या जोखमीवर मंडळाने निर्णय घ्यायचा आहे ती जोखीम, विभागप्रमुखाच्या स्पष्ट शिफारशीसह, मांडलेली असावी.