पहाडात एकट्यानं बाईक घेऊन जाणार असाल तर एवढं करूनच जा
परतवाडा, मोर्शी, अकोट, धारणी साईडचे पोट्टे आता एक्सपल्स नाहीतर हिमालयन अशा कच्च्या रस्त्याच्या बाईक घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी फिरायला लागलेत, चांगलीच गोष्ट आहे, पण सोबती नाही मिळाला तर पहाटे एकटंच निघून जायचं हे जे वाढलंय ना, त्याची खरंच धास्ती वाटते. ऑफरोडमधे, म्हणजे कच्च्या पहाडी वाटेवर, पडणं धरूनच चालायचं असतं. दोघं असले आणि एकाचा घोटा मोडला तर दुसरा गावात जाऊन ट्रॅक्टर घेऊन येतो, दोन तासात माणूस दवाखान्यात. एकट्याचा तोच घोटा मोडला तर रात्र पहाडातच काढावी लागते, मे महिन्यात असेल तर पाण्यावाचून आणि डिसेंबरात असेल तर कुडकुडत. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की शक्यतो दोघं जा. नाहीच जमत तर सगळी तयारी एकाच प्रश्नावर करा, मी पडलो तर कोण येईल आणि त्याला कसं कळेल.

सगळ्यात आधी घरी मेसेज. "जरा फिरून येतो" याला मेसेज म्हणत नाहीत भाऊ. असा पाठवा: "सकाळी 6 ला निघतो, बहिरमवरून पायथ्याच्या पांधणीनं जाईन, नाला ओलांडून टेकडीवर, त्याच रस्त्यानं परत. 1 वाजेपर्यंत फोन करतो. 3 वाजेपर्यंत फोन नाही आला तर शोधायला लागा." (पांधण म्हणजे वावरांमधली गाडीवाट.) रस्ता सांगितला की मग बदलायचा नाही, हे फार महत्त्वाचं आहे. वाटेत एक भारी चढ दिसतो, मोह होतो, आणि मग लोक एकीकडे शोधतात आणि माणूस दुसऱ्याच खोऱ्यात पडलेला असतो. शेवटचं गाव लागेल तिथं थांबा, टपरीवर चहा घ्या, काकांना सांगा की मी वर चाललो, दुपारी याच रस्त्यानं येतो. गायकी म्हणजे गुराखी आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया यांना पहाडाची जेवढी खबर असते तेवढी कोणत्याच मॅपला नसते, नाल्याला पाणी किती, अस्वल कुठं दिसलं, सगळं ते सांगतात.

रेंजचा भरवसा धरू नका. चिखलदरा आणि सेमाडोह साईडला एक वळण घेतलं की टॉवर गायब. मॅप घरूनच ऑफलाईन डाउनलोड करून घ्या, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे तुम्ही कुठं आहात ते फोन दाखवतोच. रेंज नसेल तिथं फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधून शोधून बॅटरी दुपारपर्यंत बसते. स्वतःच्या सिमची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर 112 लागू शकतो, ॲम्ब्युलन्ससाठी 108. जिथं कॉल लागत नाही तिथं साधा एसएमएस कधी कधी निघून जातो, त्यात जीपीएसचे आकडे टाका. यूट्यूबवर विदेशी रायडर सॅटेलाईट फोन वापरताना दिसतात, तो आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, ऑनलाईन मागवू नका. गळ्यात शिट्टी अडकवा. बॅगमधे नाही, गळ्यात, कारण पडल्यावर बॅग दहा फूट खाली गेलेली असू शकते. ओरडून घसा बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजवता येते, तीन-तीन वेळा वाजवून थांबायचं.

आता कुठं जायचं नाही ते. मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. नाका चुकवून आत गेलेला माणूस पडला तर भीतीपोटी कोणाला फोनही करत नाही, हा त्यातला मोठा धोका. बाहेर पांधणी, गावठाणाच्या टेकड्या, जुने बंडीरस्ते भरपूर आहेत. पण तिथंही संध्याकाळी धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, गाडी घालू नका. डुकरं आणि रोही (नीलगाय) येऊ नयेत म्हणून वावराला तार लावलेली असते, झटका मशीनची (थांबून थांबून हलका करंट सोडणारी) असली तर फटका बसून सुटका होते, पण काही जण चोरून थेट लाईनचा करंट सोडतात आणि त्यात माणसं गेलेली आहेत. दिवसासुद्धा पांधणीत आडवी बांधलेली काटेरी तार उन्हात दिसत नाही, गळ्याच्याच उंचीवर येते, म्हणून अनोळखी पांधणीत दुसऱ्या गिअरच्या वर जायचं काम नाही.

सीझननुसार जमीन बदलते आणि एकट्यानं जाणाऱ्यानं हे समजूनच घ्यावं. पावसात काळी माती चाकात आणि मडगार्डमधे अशी भरते की चाकच फिरत नाही, काडीनं उकरत बसावं लागतं आणि दोनशे मीटरमधे माणूस गळून जातो, त्यामुळे पायथ्याची काळी जमीन पाऊस पडून दोन-तीन दिवस उघाड झाल्याशिवाय एकट्यानं करूच नका. नाल्याला पाणी असेल तर आधी पायी जाऊन पाहा, वर पहाडात ढग असतील तर इथं ऊन असूनही पाणी अचानक चढतं. रपट्यावर, म्हणजे नाल्यातल्या बुटक्या पुलावर, शेवाळ असतं, तिथं ब्रेक लावायचा नाही, गाडी सरळ ठेवून हळू निघून जायचं. पाण्यात गाडी पडून बंद झाली तर लगेच सेल्फ मारू नका, इंजिनमधे पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग गाडी तिथंच. प्लग खोलून पाणी काढा, मगच स्टार्ट करा. फेब्रुवारी-मार्चला सागाची पानगळ, पानाखाली गोटा आहे की खड्डा काही दिसत नाही, आणि गरम सायलेन्सर वाळल्या पानात टेकवून गाडी उभी केली तर वणवा लागतो. एप्रिल-मे मधे 45 डिग्रीत हेल्मेट-जॅकेट घालून गाडी उचलायची म्हणजे उष्माघाताला बोलावणं, तेव्हा सकाळी दहाच्या आत परत. पाणी कमीत कमी चार लिटर, सोबत ओआरएस.

गाडीचं थोडक्यात सांगतो. टायरची हवा रोडपेक्षा कमी करा, 20-22 पीएसआयच्या आसपास, पण छोटा पंप सोबत पाहिजेच. ट्यूबवाला टायर असेल तर जादा ट्यूब आणि टायर खोलायचे लिव्हर, आणि घरी एकदा स्वतः पंक्चर काढून पाहा. क्लच लिव्हर, चेनचा जोड, टेप, झिप टाय. बस.

पडण्याच्या बऱ्याच गोष्टी दोन ठिकाणी होतात. एक, मुरमाड उतार. पहिला गिअर, क्लच सोडलेला, अंग मागे, इंजिनच्या ब्रेकवर उतरा, मागचं एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर करा, आणि घाबरून क्लच दाबू नका, दाबला की गाडी मोकळी सुटते. दुसरं, चढावर मधेच गाडी बंद पडणं. तिथं पुढच्या ब्रेकच्या भरवशावर गाडी रोखता येत नाही, ती मागे घसरत येते. गाडी गिअरमधेच राहू द्या, क्लच सोडून ठेवा, मागचं चाक अडकून राहतं, आणि पहाडाच्या बाजूला हळूच आडवी करा. खालच्या बाजूला उभं राहायचं नाही.

आणि पाय अडकला तर? समजा गाडी उजव्या अंगावर पडली, पाय फूटरेस्ट आणि दगडात धरला गेला. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. पेट्रोल गळतंय का पाहा. सायलेन्सर मांडीला लागत असेल तर जॅकेट मधे कोंबा. मग एक मिनिट नुसते पडून श्वास घ्या, कारण पहिल्या झटक्यात माणूस सगळी ताकद लावून पाय ओढतो आणि मोडलेला असेल तर अजून मोडतो. हिमालयन जवळपास दोनशे किलोची, ती पडल्या पडल्या उचलली जात नाही. म्हणून गाडी उचलू नका, पायाखालची जमीन काढा. मुरूम हातानं, चावीनं, दगडानं खरवडा, बुटाचे बंद सोडा, मोकळा पाय सीटवर टेकवून हळूहळू रेटा. बुटातून पाय निघाला तरी चालेल. याच्यासाठी एक पाना किंवा छोटा चाकू बॅगेत न ठेवता पॅन्टच्या खिशात असावा.

बाहेर निघाल्यावर रक्त असेल तर कापड घट्ट दाबून धरा, सारखं उघडून पाहू नका. मान दुखत असेल तर हलू नका, हेल्मेट काढू नका. साप चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, पाय न हलवता लवकरात लवकर सरकारी दवाखाना, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. अस्वल मोहाच्या दिवसात पहाटे झाडाखाली असतं, ते दुरून दिसलं तर गाडी थांबवा, मागे फिरा, हॉर्न वाजवत जवळ जाऊ नका. आग्या मोहोळ उठलं तर हेल्मेटची काच बंद करून तसंच पुढं निघून जा, थांबून हात हलवत बसू नका.

चालता येत असेल तरी गाडी सोडून आडरानात शॉर्टकट मारू नका. आलेल्या रस्त्यानंच परत या, नाहीतर गाडीजवळ सावलीत थांबा, तुमच्यापेक्षा गाडी लवकर दिसते.

घरच्यांनाही नीट समजावून ठेवा, कारण वेळ टळली की माय-बाबा घाबरतात आणि "येईल थोड्या वेळानं" म्हणत अंधार होतो. ठरलेल्या वेळेला फोन नाही आला तर आधी तुमच्या मेसेजमधल्या शेवटच्या गावाच्या पोलीस पाटलांना, म्हणजे त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवलेला पाहिजे, मग 112 ला. सांगताना गाडीचा रंग, जॅकेटचा रंग, किती वाजता निघाला, कोणत्या रस्त्यानं गेला आणि शेवटचा मेसेज कुठून आला एवढं सांगायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून जा.