आयसीयूतून घरी आलेलं मूल: पहिले काही आठवडे

डिस्चार्ज मिळाला म्हणजे मूल पूर्ववत झालं, असं नसतं. अंथरुणावर पडून स्नायू झपाट्याने झडतात. धावणारं मूल जिना चढताना धापा टाकतं. पाच-दहा मिनिटं चालवा, विश्रांती द्या, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी मूल गळून गेलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, असं समजा.

व्हेंटिलेटरची नळी निघाल्यावर आवाज काही दिवस घोगरा राहतो, गिळायलाही त्रास होतो. मऊ वरणभात, नाचणीची खीर थोडी थोडी, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. भरवताना मूल ताठ बसलेलं हवं. नंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल किंवा आवाज दोन आठवड्यांत सुधारला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

झोपेची किंवा वेदनेची औषधं, स्टेरॉइड्स हळूहळू कमी करायला सांगितली असतील, तर ‘आता बरं आहे’ म्हणून मध्येच थांबवू नका. झोपेची किंवा वेदनेची औषधं अचानक थांबली, तर घाम, थरथर, जुलाब, चिडचिड सुरू होऊ शकते. ही चूक फार घरांत होते.

रात्री दचकणं, चिकटून राहणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं हे हट्ट नव्हेत. रागावू नका. महिन्यानंतरही टिकलं तर समुपदेशक गाठा. शाळा आधी अर्धा दिवस.

छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं, आकडी (फिट) येणं, आठ तास लघवी नाही: लगेच १०८.