दम्याचा पंप वापरताना या चुका टाळा

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातल्या घरांच्या भिंतींना ओल येते, कपाटात बुरशी धरते आणि दमेकऱ्याची छाती घरघरू लागते. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा : रोजचा पंप चालू आहे का? बरेचदा तो उन्हाळ्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद झालेला असतो. मला हीच सगळ्यात घातक चूक वाटते.

साल्ब्युटामॉलचा पंप, म्हणजे आरामाचा पंप, आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत मोकळ्या करतो, पण त्याचा असर ४ ते ६ तासांचा. आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो ब्युडेसोनाईडसारख्या स्टिरॉइडचा रोजचा पंप. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, म्हणून ‘ह्याने काही फरक नाही’ म्हणत लोक तो सोडतात. नुसत्या साल्ब्युटामॉलवर मोठ्यांचा दमा रेटू नये, असं ‘जिना’ या दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून सांगतात. स्टिरॉइड या शब्दाला घाबरू नका. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुप्फुसात जातो. पंपाची सवयही लागत नाही. औषध कमी करायचं तर ते डॉक्टरांना विचारूनच.

रोटाकॅप, म्हणजे छोट्या यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल, घेणाऱ्यांनी आपल्या दमट हवेत विशेष जपावं. आठवड्याच्या कॅप्सूल आधीच काढून डबीत भरल्या तर पावडर ओल धरते, गुठळी होते आणि ओढली तरी छातीत पोचत नाही. घ्यायच्या वेळीच, कोरड्या हाताने एक काढा. यंत्रात फुंकर मारू नका, श्वास बाहेर सोडायचा तो तोंड बाजूला करून. मग जोरात, खोल ओढा. यंत्र धुतलं तर पूर्ण वाळू द्या. पावसात त्याला वेळ लागतो, तेव्हा दुसरं हाताशी असावं. कॅप्सूल गिळून उपयोग नाही.

स्प्रेच्या पंपाचं उलट : आधी हलवा, मग सावकाश ओढा, १० सेकंद श्वास धरा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावलात तर औषध घशात कमी अडकतं. स्टिरॉइडनंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात.

चतुर्थीआधी जळमटं काढताना किंवा भाजावळीच्या धुरात आरामाचा पंप खिशात असू द्या. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं न करता बसवून ठेवा आणि स्पेसरमधून आरामाचा पंप एकेक पफ देत राहा.