नकलीविरोधी लेबल बनवताय? आधी या चुका टाळा

एसी लॅबमध्ये रंग बदलून दाखवला की नवशिक्यांना वाटतं, काम फत्ते. ते लेबल पुढे कुठे राहणार, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक म्हणजे ३१ अंशांची थर्मोक्रोमिक, म्हणजे तापमानाने रंग बदलणारी शाई. बोट टेकवलं की रंग जातो, काढलं की येतो. मीटिंगमध्ये टाळ्या नक्की. या शाईतल्या बारीक कॅप्सूलमध्ये ल्युको रंग, आम्लधर्मी डेव्हलपर आणि मेणासारखा द्रावक असतो. द्रावक वितळला की रंग आणि डेव्हलपरची जोडी सुटते आणि रंग दिसेनासा होतो. आता मुंबईचा हिशोब करा. मे महिन्यातली दुपार ३३-३४ अंशांची, आणि भिवंडीतलं पत्र्याचं गोदाम त्याहून कितीतरी तापलेलं.

एका सौंदर्यप्रसाधनवाल्याने ऐन उन्हाळ्यात असाच माल काढला. बॉक्सवर सूचना होती, 'निळा ठिपका दाबा, गेला तर माल असली'. मशीद बंदरच्या दुकानदाराला दाबायला ठिपकाच दिसेना, म्हणून त्याने आख्खी खेप ड्युप्लिकेट ठरवून परत धाडली. नकली बॉक्सवर मात्र साध्या शाईचा निळा ठिपका ठसठशीत होता! गिऱ्हाईक तोच उचलत होतं.

रंग परत येतो तोही जाण्याच्या तापमानापेक्षा काही अंश खाली आल्यावर, त्यामुळे संध्याकाळी सगळं ठीक होईल या भरवशावर राहू नका. मी इथल्या मालासाठी ४५ अंशांच्या आसपासचीच शाई घेतो. कापडाने जोरात घासा नाहीतर कटिंगचा ग्लास टेकवा, रंग जातो. पुरवठादार ३१ चा आग्रह धरतो, कारण त्याच्याकडे तीच पडून असते. शिवाय ल्युको रंग उन्हाला फार कच्चे. नमुना आठवडाभर पश्चिमेच्या खिडकीत चिकटवल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. 'एवढा वेळ नाही सर' म्हणणाऱ्यांचंच रिप्रिंट होतं.

दुसरं दुखणं कागदाचं. शुभ्र कागदात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं रसायन असतं आणि यूव्हीखाली ते स्वतःच निळसर चमकतं. त्यावर यूव्हीखालीच निळी दिसणारी अदृश्य शाई छापायची आणि मग शाईवाल्याशी भांडायचं, हा प्रकार किती वेळा बघायचा? रोल घेण्याआधी त्यावर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. जो कागद काळपट दिसेल तो घ्या. तसा मिळत नसेल तर यूव्हीखाली लाल चमकणारी युरोपियमची शाई वापरा, ती निळ्यावर वेगळी उठून दिसते. रस्त्यावरचा स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ चा असतो. त्याच्या जांभळ्या उजेडात बारीक चमक बुडून जाते.

कॅप्सूलवाली शाई थ्री-रोल मिलमध्ये (शाई घोटायचं तीन रोलरचं यंत्र) घालू नका, कॅप्सूल फुटतात. घट्ट झाली म्हणून एमईके (मिथाइल इथाइल कीटोन, एक तीव्र द्रावक) ओतू नका. पॉलिएस्टर लॅमिनेशनखाली २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीत चमकणारी शाई छापू नका, तो प्रकाश फिल्ममधून आत जातच नाही. अंधारात चमकणारी स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट पावडर पाण्याच्या शाईत घालायची असेल तर कोटिंगवालीच घ्या, साधी पाण्याने मरते. चमक कमी वाटली म्हणून फ्लुरोसंट रंग दुप्पट टाकणाऱ्यांना काय सांगावं, दाटी झाली की चमक उलट घटते.

आणि क्यूआर कोड म्हणजे सुरक्षा नव्हे. ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे, ते चांगलंच. पण छापलेल्या कोडचा फोटो काढून तोच पुन्हा छापता येतो. त्याच्याशेजारी फोटोत न येणारं काहीतरी हवं.

अपकन्व्हर्जनची, म्हणजे न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात दिसणारा रंग देणारी पावडर हाताळणाऱ्यांनो, ९८० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा लावा. साधा गॉगल चालत नाही.